बसून दिलेलं माप

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडावरून कडब्याने भरलेला ट्रॅक्टर गेला. माघ संपत आला की सोलापुरात असे ट्रॅक्टर दिसायला लागतात. कडबा दोन्ही बाजूंनी एवढा फुगलेला असतो की मागच्या रिक्षांना पुढे जाता येत नाही, आणि रस्ताभर ज्वारीच्या वाळल्या ताटांचा वास सुटतो. माझी नात ऋतुजा गॅलरीत माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, "आजी, तुला गाव आठवलं असंल की."

"खाज आठवली," मी म्हटलं.

सुगीचं नाव काढलं की शहरातल्या लोकांना हुरडा आठवतो. त्यांनी ज्वारी उपटलेली नसते. आमच्याकडे ही ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मुठीत मावतील तेवढी ताटं धरायची, पाय रोवायचे आणि सगळं अंग मागे टाकायचं. दुपारपर्यंत तळहात सोलून निघतात. मानेत कोंडा जातो, तो रात्री आंघोळ केली तरी निघत नाही. अंगावरचं नऊ वार लुगडं घामाने मांड्यांना चिकटून बसतं. पण तेच लुगडं नसतं तर पाय रोवता आले नसते. कासोटा मागे घट्ट खोचलेला असला की बाई बैलासारखी ओढ घेऊ शकते. पाचवारी नेसून ज्वारी उपटलेली बाई मी तरी पाहिली नाही.

आमचं गाव मैंदर्गीपासून पायी दीड तासावर. लुगडी मैंदर्गीच्या बाजारातून यायची, इरकली. गडद निळं नाहीतर हिरवं अंग, लाल पदर, पदरावर पांढरे दात. दुकानदार कानडी. तो समोरच्या बाईला रंग विचारायचाच नाही. "यारिगे?" एवढंच म्हणायचा, म्हणजे कुणासाठी. नवरीसाठी, लेकुरवाळीसाठी की म्हातारीसाठी, तेवढं कळलं की तो आपणच गठ्ठ्यातून काढून पुढे टाकायचा. आवडनिवड हा प्रकार नव्हता. आता ऋतुजा मोबाईलवर तासभर बोटं फिरवते आणि शेवटी म्हणते, काहीच आवडलं नाही. मला तिचा राग येत नाही. आम्हाला तेवढा तास कुणी दिला असता तर आम्हीही घालवला असता.

माझी शाळा चौथीला संपली ती लुगड्यापायी. तोवर मी परकर-पोलक्यात होते. उंची एकदम वाढली, परकर पोटरीवर आला, आणि आईने नवा परकर शिवायच्या ऐवजी लुगडं आणलं. मास्तर घरी येऊन म्हणाले, पोरगी हुशार आहे, अक्कलकोटला ठेवा. आई म्हणाली, "लुगडं नेसून बाकावर बसती व्हय बाई?" विषय संपला. परकरातली पोर शाळेत जायची आणि लुगड्यातली बाई पाण्याला जायची. मध्ये तिसरं काही नव्हतं. ऋतुजा सोमवारी जीन्स घालते, मंगळवारी कुडता, आणि कॉलेजात काही असलं की नऊवारी. बुधवारी ती परत तीच ऋतुजा असते. बाया काय घालतात यातला सगळ्यात मोठा फरक मला हा वाटतो. बाही, गळा, पदर हे येतं आणि जातं.

बाहीचंच बघा. माझ्या आईच्या खणाच्या चोळीची बाही कोपरापर्यंत होती. माझ्या लग्नाच्या सुमाराला फुग्याची बाही आली. मग बाही वर वर चढत गेली, काहींची तर गेलीच. आता ऋतुजाची फिरून कोपरापर्यंत आली आहे, कापडही खणाचंच, आणि ती मला सांगते की हे नवीन आहे. मी हो म्हणते. उगाच कशाला.

मी लिहायला बसले ती मात्र एका वेगळ्याच सुगीबद्दल. माझ्या लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती. त्या पौषात माझ्या सासूला अर्धांग झालं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय थोडा आला, काठीने मोरीपर्यंत जाता येऊ लागलं, हात आला नाही. माघात ज्वारी उपटायला झाली. घरात दोन लहान पोरं, शेतावर गेलेला नवरा आणि मी. उठल्यावर पहिलं काम म्हणजे आत्याबाईंना लुगडं नेसवणं.

नऊ वार कापड दुसऱ्याच्या अंगावर नेसवणं सोपं नाही. आपल्या अंगाला हात आपोआप वळतात. दुसऱ्याच्या अंगावर सगळं उलटं होतं. आत्याबाई डाव्या हाताने खांब धरून उभ्या राहायच्या आणि मी त्यांच्याभोवती फिरायची. त्या खाली बघून चुका काढायच्या.

"निरी वाकडी हाय."

"तुमची निरी कोण बघतंय आता?"

"मी बघती न्हवं."

परत सोडायचं, परत घालायचं. बाहेर बायका हाका मारायला लागायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्याबाई, मास्तरीणबाई नेसतात तसं गोल नेसवू का? पाच वारात भागतंय."

"मी काय पोरांस्नी पाढे शिकवाया जाणार हाय?" त्या म्हणाल्या.

गोल पातळ गावात तेव्हा एकट्या मास्तरांच्या बायकोचं होतं. आत्याबाईंच्या हिशोबाने ते नेसणं नव्हतंच. कासोट्याशिवाय बाई म्हणजे उघडी. जन्मभर त्या कोणाही पुरुषासमोर कासोटा न घालता उभ्या राहिल्या नव्हत्या, आणि आमच्या घराच्या अंगणातून तर दिवसभर माणसं ये-जा करायची. मी परत निऱ्या घालायला घेतल्या. बोलून वेळच गेला असता.

शेताला निघताना मी त्यांच्या डाव्या हाताशी पाण्याची घागर आणि तांब्या ठेवायची. संध्याकाळी परत आले की घागर तशीच. माघातलं ऊन काही कमी नसतं.

"पाणी का पेला न्हाई?"

"तहान न्हाई."

रोज हेच. मी नवऱ्याला सांगितलं, तुमची आई हट्टी आहे. तो म्हणाला, पहिल्यापासनं हाय. शेजारणींना सांगितलं. त्यांनी आपापल्या सासवांचं सांगितलं. आम्ही ताटं उपटता उपटता हसलो.

मग एक दिवस सावडीचा होता. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतावर, उद्या मी त्यांच्या. सात बायका दारात येऊन उभ्या होत्या. मी घाईघाईने आत्याबाईंना नेसवलं, आणि हात चुकले. म्हणजे चुकले नाहीत, रोजच्या सवयीने चालले. एरवी त्यांचा कासोटा मी मधोमध सैल खोचायची, त्या दिवशी माझा घालते तसाच घातला. पीळ दिला, दुमडला आणि टोक पाठीमागे उजव्या बाजूला दडपून खोचलं. दिवसभर ओढ घेतली तरी सुटू नये असा. मग घागर ठेवली आणि गेले.

दिवेलागणीला आले तेव्हा आत्याबाई त्याच जागी बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओल लपत नाही. पोरांना बाहेर पाठवलं, दार ओढलं, पाणी तापवलं. त्यांना धुतलं, जमीन धुतली, लुगडं बदललं. मग आत्याबाई बाजारातून मीठ आण म्हणावं तशा आवाजात म्हणाल्या, "उद्यापासनं कासोटा डावीकडं खोच. पीळ घालू नगं."

"बरं."

"सोडाया तरी यील मला. खोचाया न्हाय यायचा, पर सोडाया यील."

तेव्हा मला घागर रोज तशीच का राहायची ते कळलं. कासोटा सुटला की त्यांना एका हाताने परत घालता येत नव्हता. तो तसाच लोंबत ठेवून अंगणातल्या माणसांसमोर बसायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून सकाळपासून त्या पाण्याचा घोटच घेत नव्हत्या. सगळी सुगी ती बाई कोरड्या घशाने बसली होती, आणि मी तिला हट्टी म्हणून शेतात हसून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी एकदा घरी यायला लागले. नवरा कुरकुरला. मी म्हटलं, "मग तुम्ही जाऊन नेसवा." मी आले की आत्याबाई आधी मोरीवर जायच्या, मग पाणी प्यायच्या, दोन तांबे, सलग. त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या. निरीवरून आमचं भांडण शेवटपर्यंत चाललं. मला फार वाईट वाटलं वगैरे मी लिहिणार नाही. वाटायला हवं तेवढं वाटलं. पण त्या दिवसापासून कुणाला हट्टी म्हणायच्या आधी मी जरा थांबते.

नंतर सगळं बदललं, ते हळूच बदललं. मिलची पातळ, न चुरगळणारी लुगडी आली. लोक आता सुती आणि हातमाग म्हणून डोळे मिटून घेतात. त्यांनी भिजलेलं इरकल पिळलेलं नसतं. त्याला दोन बायका लागायच्या, दोन टोकांना एकेक, आणि पिळताना खांदे निघायचे. मिलचं लुगडं मी एकटी पिळून दोरीवर टाकू शकत होते. मला तर सुटल्यासारखं झालं. चोळीची गाठ गेली आणि हुक आले, त्याचंही मला काही वाटलं नाही. माझ्या वयाच्या बायका एकेक करून पाचवारीवर गेल्या. मी गेले नाही. फार निष्ठा होती म्हणून नव्हे. पाय सुटे ठेवून चालायची सवय होती आणि गोल पातळात पावलं अडकायची, एवढंच.

मुलगा सोलापुरात नोकरीला लागला तशी मीही इथे आले. नवरा गेला, शेत वाट्याने दिलं. माझी सून सुनंदा शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाईला जाते. सकाळी आठला गल्लीच्या तोंडावर रिक्षा येते, तिच्याबरोबरच्या सगळ्या बाया त्यात कोंबून बसतात. सुनंदा पंजाबी ड्रेस घालते. लुगड्याशी तिचा संबंध माझी धुवून वाळत टाकण्यापुरता.

मार्गशीर्षात मी न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं नीट मिटेनात. डॉक्टर म्हणाले, या वयात जेवढं येईल तेवढं येईल. हात मोडला त्या दिवसापासून सुनंदाच मला लुगडं नेसवायला लागली होती. आधी तिला जमेना. मी तोंडाने सांगायची, ती हाताने करायची. शिलाईचे हात आहेत, चार दिवसांत शिकली. पण सकाळचा स्वयंपाक, डबे, ऋतुजाची घाई आणि त्यात मी. ओल्या केसांनी, तोंडात टाचण्या धरून ती माझ्याभोवती फिरायची.

"आई, हात वर घ्या. घट्ट होत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

ती कधी वैतागली नाही. त्याचाच मला त्रास झाला. मी आत्याबाईंना निदान उलटं बोलत तरी होते, त्यांनाही तेवढंच बोलता येत होतं. इथे ती गप्प आणि मी गप्प. रिक्षावाला हॉर्न वाजवायचा आणि तिचा चहा ओट्यावर साय धरून पडायचा.

तिने मला गाऊन आणला. चांगला होता, मऊ, फुलाफुलांचा. एक दिवस घातला. पण साठ-पासष्ट वर्षं दोन पायांच्या मध्ये कापड असायची सवय. ते नसलं की अंधारात जिन्याची एक पायरी कमी असावी तसं पाऊल पडत होतं. उंबऱ्यात खालचा घेर पायात आला आणि मी दार धरून वाचले. दुसरा हात मोडायची माझी इच्छा नव्हती. गाऊन ठेवून दिला. हट्ट म्हणायचा तर म्हणा. आत्याबाईंना मी जे जे म्हटलं होतं ते सगळं मला लागू होत होतं, हे मला दिसत होतं.

आणि मग एक दिवस कॉलेजातून आल्या आल्या ऋतुजा म्हणाली, "आजी, तुझा तांब्या सकाळपासनं भरलेलाच हाय की. बरं वाटंना का?"

मी तांब्याकडे बघितलं. खरंच भरलेला होता. मी ठरवून काही केलं नव्हतं. सुनंदा संध्याकाळी येते आणि तोवर कासोटा परत घालायला कोणी नाही, हे माझ्या मनाने आपणच धरलं होतं आणि तहान बंद केली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. हात मोडला तेव्हा घाबरले नव्हते. आत्याबाई कशा बसल्या होत्या ते मी पाहिलेलं होतं, आणि आता मी तशीच बसत होते, फक्त खुर्चीवर. पुढचं माझं सगळं आयुष्य सुनंदाच्या दोन हातांना बांधलं जाणार होतं, आणि तिचंही माझ्या कमरेला.

त्याच आठवड्यात ऋतुजाच्या कॉलेजात पारंपरिक वेशाचा दिवस होता. ती खोलीत गेली, आणि मी खुर्ची ओढून बसतेय तोवर नऊवारीत बाहेर आली. जांभळी, जरीची. मला वाटलं माझे डोळे गेले.

"एवढ्यात नेसलीस?"

"शिवलेली हाय गं. घातली."

"इकडं ये. मागं फिर."

मी वरची कड उलटून आत बघितलं. कमरेला इलॅस्टिक. निऱ्या शिवून टाकलेल्या. कासोटा शिवलेला. पायात घालून वर ओढायचं आणि पदर खांद्यावर टाकायचा.

"हा तर पायजमा हाय."

"आजी, पायजमा काय? शिवलेली नऊवारी म्हणतात. सगळ्या हीच घालतात आता."

मी तिला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. नाकात दाबून बसवायची नथ, टोचलेलं काही नाही. कपाळावर चंद्रकोर, चिकटवायची. आम्ही आधी मेण लावून त्यावर कुंकू बसवायचो, घामाने ते नाकावर ओघळायचं. दंडावर गोंदण, तेही कागदावरून उमटवलेलं, दोन दिवसांत जाणारं. माझ्या हनुवटीवरचं गोंदण सुईने टोचताना मला चौघींनी धरलं होतं. लोक म्हणतील, सगळं खोटं. मला तसं वाटलं नाही. आमच्या वेळचं जे जे दुखायचं ते या पोरींनी काढून टाकलं आहे आणि जे दिसायचं तेवढं ठेवलं आहे. त्यात वाईट काय? फक्त एक गोष्ट त्यांनी उलटी केली. आमच्या चोळीची गाठ पुढे होती, आपली आपल्याला बांधता यायची आणि पोराला पाजताना सोडता यायची. ऋतुजाच्या चोळीच्या नाड्या पाठीवर, गोंडे लावलेल्या. त्या बांधायला तिला आईला हाक मारावी लागली. हात धड असून.

"ही असली मला शिवून पाहिजे," मी म्हटलं.

ऋतुजा हसली. मग मी हसत नाही हे बघून थांबली.

पेटीत माझी चार इरकली होती, दोन मिलची. मी सगळी बाहेर काढायला लावली. आता ऋतुजा रडकुंडीला आली. "आजी, इरकली कापायची न्हाईत. असली आता मिळत न्हाईत. ही जपून ठेवायची असतात."

"कशाला?"

"जुनी हायेत म्हणून."

"मी पण जुनी हाय. मला काय पेटीत ठिवतीस?"

सुनंदा मध्ये पडली. एक हिरवं इरकल ऋतुजाला द्यायचं, बाकीची कापायची असं ठरलं. ते हिरवं ती कधी नेसेल असं मला वाटत नाही. पण तिचा जीव शांत झाला.

ऋतुजाची नऊवारी गल्लीतल्या पद्माने शिवली होती. पद्माच्या घरी माग होते, घरात तेलुगू चालते, दुकानात मराठी. मी लुगडी घेऊन गेले तेव्हा तिला वाटलं नातीसाठीच.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"अय्यो आजी. तुमाला तर नेसता येतंय की. ज्यांना येत न्हाई त्या शिवून घेतात."

मी तिला उजवा हात दाखवला. बोटं मिटवून दाखवायचा प्रयत्न केला. तिने टेप काढली.

पहिलं लुगडं वाया गेलं म्हणायला हरकत नाही. तिने ते पोरींच्या मापाचं शिवलं, पोटऱ्यांवर चापून बसणारं. उभी राहिले तर आरशात छान दिसत होते. जमिनीवर बसायला गेले तर अर्ध्यातच अडकले. सुनंदाने काखेत धरून उचललं. मी तशीच दुकानात गेले.

"पद्मा, तुझ्या पोरी उभ्या राहून फोटो काढत्यात. मला बसायचं हाय."

"मग कसं माप घ्यायचं? बसून कुणी माप देतं का आजी?"

"मी देते."

तिने वर्तमानपत्र अंथरलं. मी मांडी घालून बसले, मग उकिडवी बसले, मग एक पाय पसरून निवडणं निवडताना बसतात तशी. आयुष्य मी असंच बसून काढलं होतं, उभी फार थोडी राहिले होते. पद्मा गुडघ्यावर येऊन माझ्याभोवती टेप फिरवत होती आणि पाटीवर आकडे लिहीत होती. दुकानात आलेल्या दोन पोरी बघत उभ्या राहिल्या. पद्मा म्हणाली, "एवढी वर्षं शिवते, बसलेल्या बाईचं माप पयल्यांदाच घेतलं." मग तिने आपणच डोकं चालवलं. चेन नको, कारण एका हाताने लागत नाही. कमरेला रुंद इलॅस्टिक. डाव्या कुशीला आतून एक फास, बोट घालून वर ओढायला. चोळीला पुढून चिकटपट्टी. हे मला सुचलं नसतं.

दुकानातून बाहेर पडताना समोरच्या ओट्यावर बसलेली शेवंताबाई म्हणाली, "म्हातारे, या वयात पायजमा शिवतीस व्हय? नेसायच्या लुगड्याला सुई लावू ने."

शेवंताबाई माझ्याच वयाची, वेळापूरकडची. आम्ही एकमेकींना सोडत नाही.

"तुझ्या सासूच्या लुगड्याला दंड नव्हता?" मी विचारलं.

दंड म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. लुगडं मधोमध विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड भाग एकमेकांना शिवायचे. गरिबाघरी दंडाशिवाय लुगडंच नसायचं. आत्याबाईंच्या एका लुगड्याला दोन दंड होते. तेव्हा सुई कापड वाचवायला लावली, आता बाई वाचवायला लावली. थोड्या वेळाने शेवंताबाई हळूच म्हणाली, "गुडघं दुखत्यात माझं. वाकून निऱ्या घालवंनात. ती पद्मा माझं पण करंल का?"

"बसून दाखवावं लागतं," मी म्हटलं.

"बसीन की."

शिवलेलं लुगडं संध्याकाळी घरी आलं. मी ते खुर्चीच्या पाठीवर ठेवलं आणि कुणाला काही बोलले नाही. सकाळी सुनंदाची पोळी तव्यावर होती तेव्हा खोलीत गेले. खाटेवर बसून एक पाय घातला, मग दुसरा. उठले, फासात बोट घातलं आणि ओढलं. पहिल्यांदा एका बाजूने वर आलं, दुसऱ्या बाजूने राहिलं. परत केलं. पदर घेतला. निऱ्या सरळ होत्या, कारण त्या शिवलेल्याच होत्या. त्यांच्याकडे बघून मला हसू आलं. आत्याबाईंना बोलायला काही जागाच राहिली नसती.

सुनंदा हात पुसत दारात आली, तोंडात टाचण्या. "चला आई, उभ्या राहा." आणि मग थांबली. टाचण्या हातात घेतल्या. माझ्या मागे गेली, कासोटा धरून जरा ओढून बघितला, कारखान्यात शिवण तपासतात तसा. पक्का होता.

"कुणी घातलं?"

"कोण घालणार? मीच."

ती खाटेच्या कडेला बसली. घड्याळाकडे बघितलं. साडेसात झाले होते. "मग आता मी काय करू?" ती म्हणाली. तिला खरंच सुचत नव्हतं.

"चहा पी. गरम हाय तवर."

ती गेली नाही, तिथेच बसून राहिली. तिचे खांदे खाली आले. दोन-अडीच महिने ते वरच होते हे मला तेव्हा दिसलं. मोरीचा रस्ता माझा मला माहीत होता. मी न्हाणीघरात गेले आणि मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा आतून कडी लावली.

"आई, बऱ्या हाय न्हवं?" तिने बाहेरून विचारलं.

"बरी हाय," मी म्हटलं. "जा तू."